लंडनमधील इग्बो बांधवांची स्मरण-मिस्सा

लंडनला गेलेला आपला माणूस प्रथम किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरी जातो. परमपूज्य बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना तेथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. तेथे वंदन करून आम्ही थेम्स नदीच्या दक्षिणेला पेकहॅम भागात गेलो. ओळखीच्या एका इग्बो गृहस्थांनी बोलावले होते. त्यांच्या नेत्याच्या स्मरणार्थ मिस्सा होती.

पेकहॅमची राय लेन पाहून कुर्ल्याच्या बाजाराची आठवण होते. दुकानांत हातभर लांब कंद आणि लाकडासारखी कडक वाळवलेली नॉर्वेची मासळी. सुकट-बोंबील खाणाऱ्यांना तो वास परका नाही.

नेत्याचे नाव चुक्वुएमेका ओजुक्वू. नायजेरियातील एका बड्या वाहतूक व्यावसायिकाचा हा मुलगा ऑक्सफर्डला शिकला आणि लष्करात गेला. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात हजारो इग्बोंची कत्तल झाली. वाचले ते गाठोडी घेऊन पूर्वेकडे पळाले. ३० मे १९६७ रोजी ओजुक्वूंनी तेथे बियाफ्रा हे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. सरकारने युद्ध पुकारले, वेढा घातला, अन्न तोडले. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण गेले, तोवर लाखो माणसे भुकेने मेली होती, त्यांत मुलेच जास्त. युद्धानंतर बँकेत कितीही पैसे असोत, खातेदाराच्या हाती वीस पौंड टेकवले गेले. ओजुक्वूंनी शरणागतीपूर्वीच देश सोडला होता. माफी मिळून ते १९८२ ला परतले. २६ नोव्हेंबर २०११ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. (आपल्याकडे हा संविधान दिन.) मार्च २०१२ मध्ये न्नेवी या मूळ गावी त्यांचे दफन झाले. लेकरे मरत असताना युद्ध लांबवले, असा दोष त्यांना देणारे इग्बोंतही आहेत. तो दोष अगदीच पोकळ आहे, असे आम्हाला वाटत नाही.

मिस्साच का, हा प्रश्न आम्हाला पडला होता. इग्बोंत कॅथलिक पुष्कळ, हे एक. दुसरे असे की वेढ्याच्या काळात चर्चच्या संस्थांनी साओ टोमे बेटावरून रात्रीच्या अंधारात विमाने धाडली. उली येथे रस्ताच रुंद करून धावपट्टी केली होती. तेथे दूधभुकटी, मीठ आणि हीच वाळकी मासळी उतरे. जगाने पाठ फिरवली तेव्हा ज्याने घास दिला, त्याच्याच दारी हे लोक आपले मेलेले आठवतात.

चर्च भरले होते. बायकांनी एकाच छापाचे कापड नेसून डोक्याला उंच फेटे बांधले होते, वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. अर्पणाच्या वेळी तांदळाची पोती, कंद, फळे डोक्यावर घेऊन लोक नाचत वेदीकडे गेले. दुखवट्यात नाच कसा, असे क्षणभर वाटले. पण भीमजयंतीला नाचणाऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये.

नंतर सभागृहात कोला फळ फोडले. त्यावरची प्रार्थना इग्बोतच हवी, कोलाला इंग्रजी कळत नाही असे ते म्हणतात. आम्ही हळूच विचारले, ओसू माणसाने फोडले तर चालेल का? गृहस्थ चपापले.

ओसू म्हणजे पूर्वी देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांची वस्ती वेगळी, दफन वेगळे, त्यांच्याशी सोयरीक नाही. मोठ्या सभेत कोला फोडण्याचा हक्क नाही. चर्चमध्ये आरंभी आलेल्यांत हेच लोक होते, हे वाचून आम्हाला आपले धर्मांतर आठवले होते. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी, ही प्रथा कायद्याने रद्द केली.

"इथे कोणी विचारत नाही," गृहस्थ म्हणाले. ताटे वाढणारी त्यांची पुतणी मध्येच बोलली, "लग्न ठरेपर्यंत नाही विचारत. मग गावाला फोन जातो."

काका काही बोलले नाहीत. तिने आमच्या ताटात भात वाढला आणि विचारले, "तुमच्यात आता सगळे एक झाले ना?"

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला, एवढे आम्ही अभिमानाने सांगितले. मग आमच्या वधू-वर मेळाव्यांत अजून पोटजात विचारली जाते, तेही सांगावे लागले.