आजीला फोन, अँकरेजहून

अलास्काची सुट्टी म्हणजे ग्लेशियर, व्हेल आणि ढीगभर फोटो, एवढाच माझा प्लॅन! पण अँकरेजला पाऊस लागला आणि मी अलास्का नेटिव्ह हेरिटेज सेंटरमध्ये शिरले. तळ्याकाठी मूळ रहिवाशांच्या पारंपरिक घरांच्या प्रतिकृती, आणि भरभरून माहिती देणारी तिथलीच तरुण मुलं. एकदम मस्त!

मग एयाक भाषेबद्दल कळलं. ती मातृभाषा असलेल्या शेवटच्या व्यक्ती, मेरी स्मिथ जोन्स, २००८ मध्ये याच शहरात गेल्या. त्यांना नऊ मुलं. एकही एयाक शिकलं नाही. तेव्हा इंग्रजी सोडून काही बोलणं कमीपणाचं होतं.

आजी माझ्याशी मालवणीत बोलते. मी मिंग्लिशमध्ये उत्तरं देते. त्या रात्री हॉटेलवरून फोन लावला. ‘आजी, गजाली सांग मगो.’

ती हसली. ‘आज कसो येळ गावलो गो तुका?’