तिसऱ्या दिवसाचा ताप



मी इंदूरचा, रामबागेतला. २०१९ साली माझी बायपास झाली. तीन ग्राफ्ट घातले : एक छातीतली धमनी, दोन पायाच्या शिरा. ऑपरेशन नीट झालं, पण तिसऱ्या दिवशी अंगात कणकण, छातीत धडधड आणि सीआरपीचा आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट! ३६ वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, आकडा बघूनच हबकलो. हिला जवळ बोलावून एफडीचे नंबर सांगू लागलो. ती औषधाच्या पावतीमागे लिहीत होती, हात थरथरत होता.

डॉक्टर म्हणाले, "काका, ऑपरेशनच्या वेळी तुमचं रक्त मशीनच्या नळ्यांतून फिरलं. नळ्या, चिरा, टाके, शरीराला हे सगळं परकं. त्याने फौज उठवली. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतोच. इन्फेक्शन आहे का ते आम्ही बघतोय. तुम्ही आकडा उतरतोय का तेवढं बघा."

उतरला.

घरी सोडताना त्यांनी आणखी समजावलं. रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याने वाहिनी सैल राहते, गुठळी सहसा धरत नाही. सूज आली की हे काम मंदावतं. छातीतली धमनी या बाबतीत दणकट. पायाची शीर मात्र कमी दाबाला सरावलेली, तिच्यावर एकदम धमनीचा दाब येतो. म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवायची. ही दुसरी सूजही आटोक्यात ठेवते.

मी मान डोलावली. आठव्या महिन्यात राजवाड्यापर्यंत न थांबता चालू लागलो आणि गोळ्या गुपचूप सोडल्या. नवीन वाहिन्या बसवल्या, आता कसली काळजी!

एके दिवशी हिने स्ट्रिपा मोजल्या. "अहो, सोळा दिवसांच्या गोळ्या उरल्यात. कशा?"

मी म्हटलं, "आता बरा आहे ना मी."

ती रागावली नाही. कपाटातून ती जुनी पावती काढून माझ्यासमोर ठेवली. "हे नंबर मला पुन्हा लिहायचे नाहीत," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मंडळी, ज्यांची बायपास झाली आहे, त्यांनी टाके सुकले म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नका. ती पावती अजून आमच्या कपाटात आहे.