कापशीची वैरण

आमच्या माणदेशात जनावराला काय घालावं हे कुणी कुणाला शिकवत नाही. गाईला कडबा, दुभतीला सरकीची पेंड, शेरडांना बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला, हे पोरांच्या कानावर आपोआप पडतं. ससा या यादीत कधी नव्हता. आमचा ससा म्हणजे माळावरचा, ज्वारीतून टुणकन उडी मारून पसार होणारा. तो पाळायचा नसतो आणि कायद्यानं धरायचाही नसतो. पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा हे जनावरच वेगळं. मूळचं युरोपातलं, बिळात राहणारं. त्याची पिल्लं जन्मतात ती उघडीबोडकी, डोळे मिटलेली. माळावरच्या सशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेलं. नाव तेवढं दोघांना एकच पडलंय.

असे चाळीसएक पांढरे ससे माझ्या चुलतभावानं, दादानं, कर्ज काढून आणले होते. पिल्लं आम्हीच विकत घेऊ, खाद्य आम्हीच पुरवू, असं देणाऱ्यांनी सांगितलं होतं. वर्षभरात त्यांचं ऑफिस बंद झालं, फोन बंद झाले आणि गोळीपेंडीची पोती यायची थांबली. कर्ज तेवढं राहिलं. २०१९ च्या दिवाळीनंतर शेडातलं खाद्य संपत आलं तेव्हा दादानं जे कुणीही केलं असतं ते केलं. शेजारच्या रानातून ओला लसूणघास आणि कोबीचा पाला भारा भरून आणला आणि पिंजऱ्यांत टाकला. ससे तुटून पडले. दोन दिवसांत अकरा मेले, पोटं ढोलासारखी फुगून. उरलेले त्यानं मिळेल त्या भावाला काढले. मागच्या पायानं लंगडणारी एक मादी तेवढी कुणी घेतली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या आधी चार दिवस आम्ही पुण्याहून गावी आलो, तेव्हा ती रिकाम्या पिंजऱ्यांच्या रांगेत एकटीच बसलेली होती. माझ्या मुलीनं तिला उचलून आमच्या सोप्यात आणलं आणि नाव ठेवलं कापशी. दादा काही बोलला नाही. पोत्याच्या तळाशी उरलेली गोळीपेंड त्यानं आणून दिली आणि जाताना म्हणाला, "हिरवं काय घालू नगा. हिरवं दिलं की मरत्यात."

पेंड भरली पाच किलोच्या आसपास. दिवसाला शंभर ग्रॅम धरले तर पन्नास दिवस. गाड्या बंद, तालुक्याचं दुकान बंद, आणि सशाची पेंड तिथं चालू असतानाही मिळत नव्हतीच. पन्नास दिवसांत या जनावराला वैरण खायला शिकवायची होती. आणि जन्मात तिनं गवताची काडी चघळलेली नव्हती.

दुसरीकडं गावात हिरव्याचा नुसता पूर. आठवडी बाजार बंद, व्यापारी यायचे बंद. कोथिंबिरीच्या जुड्या लोक एकमेकांच्या दारात ठेवून जायचे. एकानं तर उभ्या मेथीत रोटर घातला. असल्या दिवसांत दोन काड्या कोथिंबीर मोजून द्यायची म्हणजे गावाला हसूच येणार.

पुण्यातल्या एका ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी समजावलं ते असं. गाय रवंथ करते, ससा करत नाही. त्याचा चारा आंबतो तो मागं, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत. तिथले जंतू ज्या खाण्याला सरावलेले असतात तेच पचवतात. एकदम नवं, ओलं, पिठूळ आलं की भलतेच जंतू माजतात, वायू धरतो. सशाला ओकता येत नाही, त्यामुळं आत गेलेलं परत बाहेर यायला वाट नाही. म्हणून आधी फक्त वाळलं गवत, तेही मनसोक्त. ते अंगी लागलं की एका वेळी एकच पाला, दोन काड्या, आणि दोन दिवस लेंड्या बघायच्या.

मी हे आईला सांगितलं तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "मग? पयल्या पावसाचं कवळं खाऊन शेरडं फुगत न्हाईत व्हय? कवळ्या ज्वारीनं म्हसराला किराळ लागतंच की." मेंढरंवाले कोवळ्या रानात घालायच्या आधी मेंढरांच्या पोटात वाळलं जाऊ देतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. डॉक्टरांची पिशवी आणि जंतू तिनं बाजूला ठेवले आणि कामाला लागली.

पहिली अडचण गवताची. कडबा जाड, सशाच्या कामाचा नाही. बांधावरच्या गंजीत मारवेल होतं, पण त्यात कुसळी मिसळलेली, आणि कुसळं तोंडात रुततात. आई आणि मुलगी रोज सकाळी परातीत गवत घेऊन तांदूळ निवडावेत तशी कुसळं निवडायच्या. हरळी कापून सावलीत वाळवली. कापशीनं चार दिवस त्यावर अंग टाकून झोपण्यापलीकडं काही केलं नाही. पाचव्या दिवशी पेंड मूठभर कमी केल्यावर कुरतडायला लागली. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला गवतच लागतं. पेंडीनं ते काम होत नाही.

मग लेंड्यांचा हिशेब. ते काम मुलीनं मागून घेतलं. आधी बारीक, काळपट, एकसारख्या नसलेल्या पडायच्या. आठ-दहा दिवसांत मोठ्या, फिकट, हातात चुरडल्या तर भुसा निघेल अशा झाल्या. एकदा पहाटे ती धावत आली. कापशी वाकून स्वतःच्या ढुंगणाशी तोंड लावून काहीतरी खात होती. डॉक्टरांनी सांगितलं, खाऊ द्या. ती मऊ, द्राक्षाच्या घडासारखी विष्ठा सशाला पुन्हा खावीच लागते, पहिल्या फेरीत न मिळालेलं सत्त्व दुसऱ्या फेरीत मिळतं. ती न खाता तशीच पडून राहायला लागली तर समजायचं की खाणं जड होतंय.

तेराव्या दिवशी कोथिंबीर. आईनं आधी चौकशी केली, या जुडीवर फवारणी कधी मारलीय. पंधरा दिवस झाले म्हटल्यावर धुऊन, पाणी निथळून, दोन काड्या. कापशीनं त्या दोऱ्यासारख्या ओढून घेतल्या आणि आणखी मागायला जाळीला नाक लावून बसली. दोन दिवसांनी चार काड्या. मग मुळ्याचा पाला, तोही चालला. मेथीला लेंड्या सैल झाल्या, तर तीन दिवस नुसतं गवत घातलं आणि मेथीचं नाव सोडलं. शेपू तिनं हुंगला आणि पायानं बाजूला केला. आमच्या घरात निम्म्या माणसांचं तेच मत आहे. मोरीपलीकडचा पुदिना आवडला. तुळशीवर आई अडली. वृंदावनातली तोडून सशाला घालायची नाही, पण परसात आपोआप उगवलेल्या रोपांची पानं चालतील, असा तिनं निवाडा दिला. पाथरी तर तिला सगळ्यात प्यारी. तांदुळजा आणि घोळ कधीमधी, चिमूटभर. कांद्याची पात, टोमॅटोचा आणि बटाट्याचा पाला यांना घरात बंदीच, कारण ते विषारी. गाजराचा पाला हवा तेवढा, गाजर मात्र बोटाच्या पेराएवढं. चित्रातल्या सशानं काहीही खावो. लसूणघास दादाच्या डोळ्यांसमोर आणायचाच नाही असं आम्ही न बोलता ठरवलं होतं. तसाही वाढ झालेल्या सशाला तो जडच, त्यातल्या चुन्यानं मूत पांढरं गढूळ होतं.

दर रविवारी तिला पिशवीत घालून ताणकाट्याला लावायचो. साडेतीन किलो, मग थोडी उतरली, मग पुन्हा साडेतीन.

मे महिन्यात ऊन तापलं. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट, शेजारी गार माठ, तरी एका सकाळी कापशी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. रात्रीचं गवत तसंच. खाली एक लेंडी नाही. दात करकर वाजत होते. सशानं बारा तास खाल्लं नाही तर आतडं थांबतं आणि मग जनावर हातचं जातं, हे आम्हाला सांगून ठेवलेलं होतं. दादाला कळलं तसा तो आला. "सांगितलं व्हतं का न्हाई," एवढंच बोलला आणि पिंजऱ्याशी बसला. नवा पाला गेल्या आठ दिवसांत कुठलाच दिला नव्हता, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. फोनवरून डॉक्टर सांगतील तसं तिला गार फरशीवर घेतलं, कान ओल्या फडक्यानं पुसले, पोटावरून हलका हात फिरवला. हात दादाचाच होता. अकरा सशांची पोटं त्यानं चाचपलेली, बोटांनी दाबून म्हणाला, "फुगल्यालं न्हाई." त्या दिवसात त्याच्या तोंडून निघालेला पहिला बरा शब्द. मुलगी वासाचं काही ना काही नाकाशी धरत होती. कोथिंबिरीला तोंड फिरवलं, तुळशीला फिरवलं. दुपारी तीनच्या सुमाराला पुदिन्याचं एक पान आत गेलं. मग देठ. दिवेलागणीला पाच लेंड्या पडल्या, त्या दादानं मोजल्या. बहुधा उष्माच बाधला होता. त्यानंतर आम्ही पाला न पुसता, पाण्याचे थेंब तसेच ठेवून द्यायला लागलो. उन्हाळ्यात तेवढंच पाणी जास्त पोटात जातं.

पेंड जूनच्या पहिल्या आठवड्यात संपली. रोज थोडी थोडी कमी केल्यामुळं पन्नासाऐवजी सत्तर दिवस पुरली. शेवटची मूठ कोंबड्यांना टाकली, कापशीनं विचारलंही नाही.

पावसानं बांध हिरवे झाले तेव्हा पुन्हा सगळं पहिल्यापासून, चिमटी-चिमटीनं. या वेळी गवत कापायला दादा होता. पिंजरे त्यानं भंगारात घातले होते आणि आलेल्या पैशात दोन शेरडं घेतली होती. कर्जाचे हप्ते चालूच होते, अजूनही आहेत. संध्याकाळी तो रानातून यायचा तो एक मोठा भारा आणि एक वेगळी बांधलेली पेंढी घेऊन. भारा शेरडांच्या दावणीला. पेंढी आमच्या सोप्यात, कुसळं निवडून.