वयाचें निमित्त

आपल्या वाढलेल्या वयाचा उपयोग आपल्यापेक्षां इतरांनाच अधिक होतो, असें माझें मत होत चाललें आहे. गुडघा दुखतो? वय झालें. झोंप लागत नाहीं? वय झालें. या दोन शब्दांनीं नातलगांचा, डॉक्टरांचा आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा विचार करण्याचा केवढा त्रास वांचतो! या मालिकेंत मिस्त्री कोठून आले, असें वाचक विचारतील, म्हणून सांगतों.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्यें ऑक्सफर्डच्या आसपास डॉक्टरी करतो. त्याच्याजवळ १९७३ सालची एम्. जी. बी. मोटार आहे. दोघांपुरती, बुटकी, छप्पर मागें लोटतां येणारी. या गाड्या तेथून जवळच अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून तयार होत. पांच लाखांहून अधिक झाल्या, आणि १९८० सालीं तो कारखानाच बंद पडला. आपल्या अ‍ॅम्बॅसडरला पुष्कळ वर्षें जें १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन होतें, त्याच्याच घराण्यांतलें हिचें इंजिन १७९८चें. म्हणून बॉनेट उघडल्याबरोबर परमुलुखांत एखादें दूरचें आप्त भेटावें तसें मला झालें.

गेल्या उन्हाळ्यांत मी तेथें गेलों, तेव्हां ही गाडी विकण्याची भाषा घरांत चालली होती. इंजिन तापलें कीं, त्याची रेस उतरेना. उभ्या गाडींत मिनिटाला आठशेंच्या आसपास फेरे असावेत, तेथें कांटा पंधराशेंवर जाऊन बसे. वाचणाऱ्यास ही किरकोळ गोष्ट वाटेल. परंतु गिअरमध्यें असतांना पाय उचलला, तरी अशी गाडी मंदावत नाहीं. ती पुढें रेटीतच राहते, आणि ब्रेकला रस्त्याशीं व इंजिनाशीं अशा दोन आघाड्यांवर लढावें लागतें. माझा पुतण्या अठरा वर्षांचा. त्याच गाडीवर हात बसवूं पाहत होता. एका उतारावर पुढच्या गाडीशीं टक्कर होतां होतां चुकली, त्या दिवसापासून त्याच्या आईनें हट्ट धरला. "दादा, आतां तुम्हींच सांगा यांना," ती मला म्हणाली. तिचें म्हणणें अगदीं रास्त होतें.

भावानें गाडी गॅरेजमध्यें नेली होती. तेथील निदान असें : गाडी पन्नाशीची झाली, कार्ब्युरेटरच्या झडपांचे दांडे झिजले, फटींतून हवा शिरते; दोन्ही कार्ब्युरेटर नवे घाला. आंकडा ऐकून भाऊ गप्प झाला होता. "वय झालं रे तिचं," तो मला म्हणाला.

हें वाक्य त्याच्या तोंडून मीं पूर्वींहि ऐकलें होतें. आमची आई सत्तरीच्या पुढें असतांना वाळूं लागली, हात कांपूं लागले, स्वस्थ निजलेली असतांहि छाती धडधडे. येथील डॉक्टर वयाकडे बोट दाखवीत, आणि भाऊहि फोनवरून तेंच सांगे. अशीं दोन वर्षें गेलीं. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं रक्त तपासविलें, आणि गळ्यांतली थायरॉइड ग्रंथि भलतीच जोरांत चालली असल्याचें निघालें. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत आई पुनः स्वतः बाजारांत जाऊं लागली. तीं दोन वर्षें मात्र गेलीं तीं गेलींच. यासंबंधीं आम्हां भावांचें कधीं बोलणें झालेलें नव्हतें.

तेव्हां पुढच्या रविवारीं मीं बाह्या सरसावल्या, त्या केवळ मोटारीसाठीं नव्हत्या हें उघड आहे. मी पोटासाठीं तर्कशास्त्र शिकवितों, आणि पुण्यांत पंधरा वर्षें एक म्हातारी फियाट संभाळली आहे. मिल्लनें १८४३ सालीं कारणें शोधण्याच्या पद्धति ग्रंथांत घातल्या. आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणत त्याच घराण्यांतल्या या गोष्टी. वर्गांत मुलें त्या ऐकून जांभया देतात. बॉनेटखालीं मात्र त्यांना रंग चढतो.

इंजिन फेरे घेतें तें हवेच्या प्रमाणांत. तेव्हां प्रश्न एकच : ही जादा हवा कोणत्या दारानें येते? अ‍ॅक्सिलरेटरची तार ढिली होती. चोकचे स्क्रू आपल्या जागेपासून सुटे होते. दोन कार्ब्युरेटरना जोडणारा सांधा मोकळा केला, तरी फरक पडेना. मग रेस ठरविणारे दोन्ही स्क्रू पार बाहेर काढले. आतां दोन्ही झडपा मिटलेल्या; इंजिन बंद पडावयास हवें. तें चौदाशें फेऱ्यांनीं चालूच राहिलें! प्रज्वलनाचा काळ चुकला असला तरी रेस वाढते, हें खरें. पण हवेवांचून केवळ ठिणगीवर इंजिन चालत नाहीं, म्हणून तो संशयहि गेला. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर फवारा मारून पाहिला. आवाज बदलला नाहीं. ब्रेकला साहाय्य करणारी रबरी नळी चिमटून धरली, व्यर्थ.

राहिली ती जुनी युक्ति. हवा गाळणाऱ्या डब्या काढल्या आणि कार्ब्युरेटरच्या दोन्ही तोंडांवर तळहात दाबून धरले. इंजिन तत्काळ गुदमरलें.

येथें गॅरेजचा सिद्धान्त कोसळला. झिजलेल्या दांड्याच्या बाजूनें येणारी हवा बाहेरून परस्पर शिरते. ती कार्ब्युरेटरच्या तोंडानें येत नाहीं. तोंडें दाबूनहि ती चालूच राहिली असती, आणि इंजिन धडपडत कां होईना, जगलें असतें. अर्थात् हवा राजमार्गानेंच येत होती, मिटलेल्या झडपेंतून. पुढचें तोंड एकटें दाबलें, कांहीं नाहीं. मागचें दाबलें, आणि फेरे धाडकन् उतरले.

मागचा कार्ब्युरेटर उतरवून झडप आभाळाकडे धरली. त्या काळच्या या गाड्यांत झडपेच्या चकतींतच एक चिमुकली दुसरी झडप बसविलेली असते. पाय उचलून गाडी नुसती धांवत असली कीं, इंजिनाच्या ओढीनें ती उघडावी, थोडी हवा आंत जावी, आणि धूर कमी घाण व्हावा, एवढेंच तिचें काम. तिची स्प्रिंग मेली होती. सदैव अर्धवट उघड्या राहिलेल्या त्या झडपेच्या कडेनें उजेडाची एक बारीक कोर दिसत होती.

भावानें ती पाहिली. त्यानें चकती हातांत घेतली, फिरविली, पुनः उजेडासमोर धरली. बऱ्याच वेळानें, वर न पाहतांच, त्यानें विचारलें, "आईची नाडी किती लागायची रे तेव्हां?"

"एकशें दहाच्या वर," मीं सांगितलें.

"स्वस्थ असतांना?"

"झोंपेंतहि."

तो कांहीं बोलला नाहीं. हात पुसावयाची चिंधी त्यानें माझ्याकडे सरकवली, आणि दोघेहि चहाला आंत गेलों.

अशी झडप नसलेली साधी चकती मिळते; नव्या कार्ब्युरेटरांच्या मानानें ती फुकटच म्हणावी. पुढच्या शनिवारीं ती टपालानें आली, बसविली, स्क्रू पुनः जुळविले. कांटा साडेआठशेंवर उतरला. गाडी विकण्याचा विषय तूर्त तरी मागें पडला आहे. त्याच्या आईनें स्वतः शेजारीं बसून दोनदां चक्कर मारल्यावर मग पुतण्याला परवानगी मिळाली. एक गोष्ट मात्र गॅरेजवाल्यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. चकती बदलतांना दांडा बोटांनीं हलवून पाहिला, तर तो किंचित् झिजलेला होताच. इंजिन अधूनमधून एखादा ठोका चुकविल्यासारखें करतें, तें बहुधा त्यामुळेंच. तो आम्हीं तसाच ठेवला आहे.