बिनपंखी

आमच्या निफाडकडे फुलकिडे म्हणजे कांद्याचं दुखणं. पातीवर पांढरे चट्टे दिसले की वडील पाठीवर पंप चढवायचे. किडा दिसतो कसा, हे निरखत बसायला सवड कुणाला? ती मला मिळाली इंग्लंडात, हार्टफर्डशरमधल्या भाड्याच्या घरामागे माजलेल्या गवतात.

जुलैत तिथे आभाळ भरून उकाडा झाला की बारीक काळे किडे अंगावर बसतात, भिंतीवरच्या तसबिरींच्या काचेआड शिरून मरतात. तिथले लोक त्यांना ‘थंडरफ्लाय’ म्हणतात. ते गव्हावरचे फुलकिडे, लिमोथ्रिप्स सिरिअॅलियम. उडतात त्या सगळ्या माद्या, पुढे झाडांच्या सालीत हिवाळा काढणाऱ्या. नरांना पंखच नसतात. ते पिकातच मरतात.

हे कळल्यावर मी घरामागचं गवत झटकायला लागले. पांढऱ्या कागदावर झुबका आपटायचा आणि भिंग लावायचं. एक पिवळसर, लांबट, मिलिमीटरभराचा किडा सारखा पडायचा. पंख नाहीत. पिल्लू असेल म्हणावं, तर सूक्ष्मदर्शकाखाली पोटाच्या टोकाशी करवत दिसली, पानात चीर पाडून अंडी घालायची. म्हणजे ही पुरती वाढलेली मादी: अॅप्टिनोथ्रिप्स रूफस. पंखवाल्या फुलकिड्यांच्या माथ्यावर तीन बारके साधे डोळे असतात, हिला तेही नाहीत. उडायचंच नाही तर हवेत कशाला, असा रोकडा हिशोब! नर क्वचितच सापडतो; वंश ती एकटी चालवते.

तोंडाची तऱ्हा तर आणखी न्यारी, आणि ती सगळ्याच फुलकिड्यांची. जबडा फक्त डावा. उजवा वाढतच नाही. डाव्याने पानाला भोक पाडायचं आणि पेशीतला रस ओढायचा. रिकाम्या पेशींत हवा भरते, पान चंदेरी दिसतं. वडिलांच्या कांद्यावरचे चट्टे ते हेच.

पंख नसूनही ही बाई उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत पोचली आहे. वाळल्या गवतातून माणसानेच नेली असणार.

शेजारच्या आजोबांनी औषध मारायचा सल्ला दिला. बियाण्यासाठी लावलेल्या गवतात तुरे पांढरे पडून वांझ राहतात, त्याचा दोष काही अंशी हिच्याकडे जातो, हे खरं. कांद्यावर मीही मारीन. पण परसातल्या गवताला बी धरायचं नसतं, तिथे फवारणी म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी.