गुडघ्याची गोळी आणि आहारविवेक

पेढीच्या गादीवर तासन् तास मांडी घालून बसणाऱ्या आपल्या समाजात गुडघेदुखी घरोघरी आहे. ४८ मिनिटांचे सामायिकही मग कठीण होते आणि ‘सांध्यांची ताकद वाढवणारी’ गोळी सहज घरात येते.

माझ्या वहिनींसाठी मुलीने अमेरिकेहून ग्लुकोसामाइनची बाटली आणली. कर्जाच्या कागदांतील बारीक अक्षरे वाचण्याची बँकेतील सवय अजून सुटलेली नाही. म्हणून लेबल वाचले. त्यावर कोळंबी व खेकडा यांचा स्पष्ट उल्लेख होता. न गाळलेले पाणी आयुष्यात न प्यायलेल्या वहिनींनी ती बाटली तशीच बाजूला ठेवली.

ग्लुकोसामाइन बहुधा अशा जलचरांच्या कवचांपासून बनते. सोबतचे कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेतून आणि कॅप्सूलचे जिलेटिन हाडे-कातड्यांतून येते. बुरशीपासून केलेले ग्लुकोसामाइनही मिळते. मात्र ते आपल्या नियमात बसते का, हे गुरुमहाराजांना विचारावे. भारतात पूरक आहाराच्या वेष्टनावर हिरवा ठिपका पाहता येतो. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर ती खूण बंधनकारक नाही. तेथे उत्पादकाकडेच विचारणा करावी.

वहिनींच्या डॉक्टरांनी दुसरी बाजू दाखवली. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्या वॉरफेरिन घेतात. ग्लुकोसामाइनमुळे या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. म्हणजे गोळी निर्दोष स्रोताची असती, तरी त्यांच्यासाठी ती नव्हतीच. मधुमेह, दमा किंवा कवचधारी जलचरांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये.

लाभाचे गणितही तपासावे. अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ आठवड्यांनंतर, एकंदर रुग्णांचा विचार करता, ही द्रव्ये औषधविरहित गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाहीत. तीव्र वेदनेच्या एका लहान गटात काही लाभ दिसला, पण तो निर्णायक नव्हता. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने सुरू केलीच, तर दोन-तीन महिन्यांत फरक न पडल्यास थांबवावी. वजन आटोक्यात ठेवणे व मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हे उपाय अधिक भरवशाचे आहेत.

वेदना कमी व्हावी ही इच्छा गैर नाही. परंतु ‘हे कशापासून बनले?’ आणि ‘माझ्या देहाला हे चालेल का?’ हे दोन्ही प्रश्न पहिली गोळी घेण्यापूर्वीच विचारावेत. अहिंसेत स्वतःच्या देहाची जपणूकही येते.