दोन मिलीअँपिअर

लासूर स्टेशनला दिवाळीत घरी आले की एक प्रश्न हमखास येतो: "डोक्याला शॉक देतात तिथंच ना तुझी नोकरी?" बंगळुरूच्या ज्या प्रयोगशाळेत मी संशोधन सहायक आहे, तिथं आम्ही कुणाला शॉक देत नाही. शॉक उपचारात भूल देऊन मुद्दाम झटका आणतात आणि त्याचा प्रवाह आमच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो. आमचा असतो दोन मिलीअँपिअरचा, तोही निरोगी स्वयंसेवकांना, वीस मिनिटं. त्यानं मेंदूतल्या पेशी संदेश सोडायला थोड्या अधिक किंवा थोड्या कमी तयार होतात, एवढंच.

यंदा मामेभावानं मात्र वेगळंच काढलं. तो तलाठी भरतीची तयारी करतोय. नऊ व्होल्टची बॅटरी, वायरी आणि ओला स्पंज यांचं घरगुती यंत्र त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. "ताई, परीक्षेपुरता मलाही दे की करंट. पाठांतर तरी पक्कं होईल."

करंटची जागा शोधणंच किती किचकट असतं हे दाखवायला मी त्याला ओट्यावर बसवलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप आणली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घ्यायचं, मग या कानापासून त्या कानापर्यंत. दोन्हींचे मध्य जुळतात तिथं खूण. तिथून टक्केवारीनं मोजत डाव्या कपाळाच्या वरची, केसांतली जागा काढायची. याच्या डोक्यावर चपचपीत खोबरेल, पेन्सिल उमटेना. प्रयोगशाळेतही माझी निम्मी सकाळ तेलाशी झगडण्यात जाते. तेल प्रवाह अडवतं. मग स्पंजाखाली जी थोडी जागा कोरी राहते, तिथूनच सगळा करंट शिरतो आणि कातडी भाजू शकते. म्हणून आम्ही केस धुऊन यायला सांगतो, ते विंचरून बाजूला करतो, स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून ठिबकणार नाही इतपत पिळतो. रेझिस्टन्स उतरलेला दिसल्याशिवाय बटण दाबत नाही. त्या बॅटरीला हे कोण सांगणार?

"ते सगळं नीट केलं, तर फायदा होतो ना?"

मी त्याला ऑक्सफर्डचा प्रयोग सांगितला. तेरेसा युकुलानो आणि रॉय कोहेन कादोश यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना अंकांच्या जागी नवी चिन्हं शिकवली. मेंदूच्या वरच्या-मागच्या भागावर करंट दिलेले लोक ती लवकर शिकले, पण शिकलेलं आपोआप वापरात येण्यात मागे पडले. पुढच्या भागावर दिलेल्यांचं नेमकं उलटं झालं. एक कमावताना दुसरं गमावू शकतं, ही गोष्ट परीक्षेच्या मुलांपर्यंत कुणी पोचवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी असे घरगुती प्रयोग करणाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं, त्यात या धोक्याचा इशारा होता.

बाबा ऐकत होते. कांद्याच्या लिलावात मुनीम म्हणून त्यांची हयात गेली. चार व्यापारी एकदम बोली लावताना शेवटचा भाव आणि शेतकऱ्याचं नाव डोक्यात धरून पट्टीवर उतरवायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही हे करता तरी कशाला?"

कारण स्कॅनमध्ये आठवताना मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दिसतं. त्या भागावाचून काम अडतं का, ते दिसत नाही. त्यासाठी तिथं बाहेरून जरा ढवळून पाहावं लागतं. अमेरिकेत जोएल व्हॉस यांच्या गटानं २०१४ मध्ये हेच केलं, करंटऐवजी चुंबकीय स्पंदनांनी. आठवणींचा हिप्पोकॅम्पस खोल असतो, तिथवर ती थेट पोचत नाहीत. म्हणून त्यांनी त्याच्याशी जोडलेला वरचा भाग उद्दीपित केला. चेहरा आणि शब्द यांच्या जोड्या लोकांना अधिक आठवू लागल्या.

"हे मनाचे खेळ नाहीत कशावरून?" बाबांचा पुढचा प्रश्न.

तेवढ्यासाठीच खोटा करंट असतो, मी म्हटलं. सुरुवातीला काही सेकंद मुंग्या येतात आणि प्रवाह गुपचूप बंद होतो. बसलेल्याला बहुतेक वेळा फरक कळत नाही.

"आणि तुला?"

"मलाही नाही. मी यंत्रात नुसता कोड टाकते. कुणाला खरा, कुणाला खोटा, ते मोजणी संपेपर्यंत आमच्या सरांनाही ठाऊक नसतं."

बाबांनी मान डोलावली. "हे बरं केलंय," ते म्हणाले आणि मामेभावाला त्यांनी त्यानं जमवलेल्या वायरी आणायला लावल्या.